द्वेष आणि दंड : एकचक्रा ते राईनपाडा

जळगावहून धुळ्याकडे निघालेल्या प्रवाशास थोड्याच वेळात एरंडोल लागते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी या गावाची पूर्वापार समजूत आहे. जवळच्या पद्मालयास गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूस भीम आणि बकासुर यांच्या युद्धाच्या खुणाही आवर्जून दाखविल्या जातात. गावात पांडववाडा नावाची जुनी वास्तू आहे. तिच्याविषयीच्या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही, आणि एकचक्रा नेमकी कोठे होती याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकारही नाही. आम्हांस त्या कथेतील एकच चित्र वाचकांसमोर ठेवावयाचे आहे. पाच अनोळखी भाऊ आपल्या आईसह एका परक्या नगरीत येतात. ते कोण, कोठले, हे कोणासही ठाऊक नसते. दिवसभर ते दारोदार भिक्षा मागतात आणि रात्री एका गरीब ब्राह्मणाच्या घरी अंग टेकतात. त्या वेळी ती नगरी स्वतःच भयाने ग्रासलेली असते. पाळीपाळीने एकेका घरातून गाडाभर अन्न आणि एक माणूस राक्षसाकडे पाठवावा लागत असतो. तरीही त्या भेदरलेल्या लोकांनी दारात आलेल्या परक्यांच्या झोळीत भिक्षा घातली.

१ जुलै २०१८ रोजी याच खानदेशात पाच भिक्षेकरी एका गावी उतरले. धुळे ओलांडून साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात गेले की राईनपाडा लागते. त्या रविवारी तेथे आठवड्याचा बाजार होता. आलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. डौर वाजवून भैरवनाथाची गाणी म्हणावीत, भिक्षा मागावी आणि पुढच्या गावी जावे, हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. ही मंडळी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातली होती. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेने त्या दिवसांत भ्रमणध्वनींवर थैमान घातले होते. एका लहान मुलीशी कोणी बोलताना दिसले, एवढे निमित्त पुरले. जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडण्यात आले, आणि तेथेच त्यांना ठेचून मारण्यात आले. मारणाऱ्यांपैकी काहींनी त्याचे चित्रण करून तेही पुढे पाठविले.

नवी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यानंतरच्या एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने आम्हांस गाठले. त्याचे आजोळ साक्री तालुक्यातले. "फादर, आता जमावाने माणूस मारला तर थेट फाशी. कायदा कडक झाला. आता असे होणार नाही ना?" त्याच्या प्रश्नामागे आशा होती, आणि आपल्या आजोळच्या गावांविषयीची लाजही होती. आम्ही त्यास त्या वेळी दिलेले उत्तर अर्धवट होते. ते येथे जरा नीट द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली. राईनपाड्यास त्या दिवशी सहा वर्षे पूर्ण झाली, हा निव्वळ योगायोग. तिच्या कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात असे म्हटले आहे की, पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात किंवा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून एकत्रितपणे खून केल्यास गटातील प्रत्येकास देहदंड किंवा जन्मठेप व शिवाय दंड व्हावा. वाचावयास हे भारदस्त वाटते. परंतु १८६० च्या जुन्या दंड संहितेतील कलम ३०२ ज्यांना ठाऊक आहे, त्यांस यात वाढले ते काय, असा प्रश्न पडेल. खुनाला देहदंड किंवा जन्मठेप हे तेव्हाही होतेच. जमावाने अशाच कारणावरून जबर दुखापत केली, तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण साध्या जबर दुखापतीलाही सातच वर्षे आहेत. एवढेच नव्हे, तर ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेल्या पहिल्या मसुद्यात जमावाने केलेल्या अशा खुनाला किमान सात वर्षे कैद हाही पर्याय ठेवला होता. म्हणजे पाच जणांनी मिळून द्वेषाने केलेला खून एकट्याने केलेल्या खुनाहून स्वस्त ठरला असता! संसदीय समितीने त्यावर बोट ठेवले आणि डिसेंबरच्या मसुद्यातून तो पर्याय गेला. कारणांच्या यादीत 'धर्म' हा शब्द मात्र शेवटपर्यंत आला नाही. 'व्यक्तिगत श्रद्धा' आणि 'तत्सम कारण' यांत तो बसवून घ्यावा लागेल.

तेव्हा कायद्याने द्वेषाला नाव दिले, माप मात्र वाढविले नाही. नाव देणे ही क्षुल्लक गोष्ट आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गुन्ह्याला नाव नसते, त्याची मोजदादही होत नाही. पण आपल्या देशात शिक्षेचे माप खरोखर वाढविणारे कायदेही होऊन गेले आहेत, आणि त्यांचा इतिहास आमच्या वाचकांना माहीत असलेला बरा. कारण त्यातील पहिला कायदा द्वेषाला आवरणारा नव्हता, तो स्वतःच द्वेषातून जन्मला होता.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता, १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लावण्याची सोय झाली. एखाद्या जमातीचे नाव यादीत गेले की त्या जमातीत जन्मलेले मूल पाळण्यापासून संशयित. प्रौढांनी ठाण्यात नाव नोंदवावे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्याशिवाय गाव सोडू नये. सोलापूरला तारेच्या कुंपणातील वसाहत याच कायद्याखाली होती. आमच्या विषयाच्या दृष्टीने या कायद्यातील एक तरतूद फार महत्त्वाची आहे. यादीतील माणूस ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा ठरला तर जन्माचे काळे पाणी. तोच गुन्हा शेजारच्या आळीतील माणसाने केला तर त्याला ही वाढीव शिक्षा नव्हती. शिक्षा वाढत होती ती कृत्यामुळे नव्हे आणि हेतूमुळेही नव्हे, तर आईच्या कुशीमुळे.

येथे आमच्या घरातलीही एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. उत्तरेत आणि अन्यत्र या जमातींच्या वसाहती चालविण्याचे काम सरकारने साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांकडे सोपविले, आणि त्यांनी ते सेवा म्हणून स्वीकारले. त्यांनी शाळा काढल्या, हातमाग शिकविले, आजारात शुश्रूषाही केली. तो पंथ आमचा नाही, असे म्हणून कॅथलिकांनी अंग काढून घ्यावे असे आम्हांस वाटत नाही. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविणाऱ्या कायद्याविरुद्ध ख्रिस्ती व्यासपीठावरून जेवढे बोलले जावयास हवे होते, तेवढे बोलले गेले नाही.

खानदेशाला तर संशयाचा हा वारसा त्याहूनही जुना. १८१८ नंतर हा मुलुख इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्लांच्या टोळ्या त्यांना जुमानीनात. त्यांच्यामागे फौजा धाडण्यात आल्या. त्याने भागेना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्राम याने एरंडोलजवळच्या धरणगावी त्याच भिल्लांची पलटण उभारली. तरीही भिल्ल म्हणजे चोर, हे समीकरण कचेऱ्यांच्या दप्तरांतून आणि गावच्या तोंडांतून हलले नाही. राईनपाड्याच्या परिसरात वस्ती आदिवासींची आहे. ज्यांच्या पणजोबांकडे गोऱ्या साहेबाने संशयाने पाहिले, त्यांच्या नातवंडांनी भटक्या गोसाव्यांकडे त्याच डोळ्यांनी पाहिले. आम्ही हे त्यांचा अपराध हलका करण्यासाठी लिहीत नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. डवरी गोसाव्यांचे नाव महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमातींत आहे, विमुक्तांत नाही. पण संशयाला कोठे यादी लागते?

स्वतंत्र भारताने हे चाक उलटे फिरविले, परंतु सावकाश. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात विहिरीवरून वा देवळातून माणसाला हाकलणाऱ्यास जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड होता. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नवे नाव मिळाले आणि शिक्षाही थोडी वाढली. खरी उडी १९८९ ची. त्या वर्षीचा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून, म्हणजे गांधीजींच्या पुण्यतिथीपासून, अमलात आला. त्यातील एका तरतुदीचा आशय असा : दहा वर्षे किंवा अधिक कैदेचा गुन्हा, बळी पडलेली व्यक्ती अनुसूचित जातीची वा जमातीची आहे या कारणावरून त्याबाहेरील माणसाने केला, तर शिक्षा जन्मठेपच. १९११ साली आरोपीच्या जन्मावरून शिक्षा वाढत होती. आता दुसऱ्याच्या जन्माचा द्वेष केल्यामुळे ती वाढू लागली. या दोन कायद्यांमधील अंतर वर्षांत मोजले तर पाऊणशे, पण आमच्या मते आपल्या प्रजासत्ताकाने केलेला तो सर्वांत मोठा नैतिक प्रवास होय.

आणि तरीही राईनपाड्याचे पाच जण या कायद्याच्या छत्राबाहेर होते. ते भटक्या जमातीचे, अनुसूचित नव्हेत. शिवाय हा कायदा अनुसूचित जातिजमातींबाहेरील आरोपींनाच लागतो. आमच्या ख्रिस्ती वाचकांनाही हे छत्र सारखे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरताच होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलितास तो नाही. म्हणून अहिल्यानगरकडील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबास गावाने जातीवरून शिवीगाळ केली, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या कुटुंबाची ती जात उरलेली नसते. शिवी देणाऱ्याला मात्र ती नेमकी आठवते. अनुसूचित जमातींस धर्माची ही अट नाही, त्यामुळे नवापूर-साक्रीकडील आमचे मावची, कोकणी, भिल्ल बांधव ख्रिस्ती असूनही या संरक्षणात आहेत. एकाच प्रभुभोजनास बसणाऱ्या दोन कुटुंबांत कायद्याने ओढलेली ही रेघ आम्हांस दर वेळी बोचते.

वाढीव शिक्षेची खरी मेख निराळीच आहे. गुन्हा सिद्ध करणे पुरत नाही, त्यामागील 'का' सिद्ध करावा लागतो. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची गावजमावाने हत्या केली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, आणि १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद दिली. परंतु या दोन्ही न्यायालयांत खून सिद्ध झाले, आणि जातिद्वेष सिद्ध झाला नाही! त्या गावच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होते, ते पुराव्याच्या कायद्याला दिसले नाही. पुढे २०१६ च्या २६ जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीने 'जातीच्या कारणावरून' ही अट सैल केली. बळीची जात आरोपीला ठाऊक होती, एवढे पुरे असे ठरले.

याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे द्वेषाचा हेतू कधी कधी शिक्षा वाढविण्याऐवजी सौम्य करण्याच्या बाजूने मोजला गेला. जून २०१४ मध्ये पुण्यातील हडपसर भागात सोलापूरच्या एका तरुण मुसलमान अभियंत्यास जमावाने ठार केले. जानेवारी २०१७ मध्ये तिघा आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने, मृताचा दोष केवळ तो अन्य धर्माचा होता एवढाच होता, असे म्हणून ही बाब आरोपींच्या बाजूने धरली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. अखेर २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडले. आमच्या वाचकांना ओडिशातील मनोहरपूरही आठवत असेल. तेथे जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले झोपेत जाळली गेली. २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली, पण निकालात, स्टेन्स यांना त्यांच्या धर्मकार्याबद्दल धडा शिकविण्याचा हेतू होता, असे एक वाक्य आले, तेही फाशी का नको हे सांगण्याच्या ओघात. देशभर नाराजी उमटली आणि चारच दिवसांत न्यायालयाने ते वाक्य स्वतःहून वगळले. ही नम्रता आम्ही आदराने नमूद करतो.

इंग्लंडची कथाही बोलकी आहे. स्टीफन लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण १९९३ मध्ये लंडनमध्ये बसथांब्यावर भोसकला गेला. १९९८ मध्ये तेथील संसदेने वंशद्वेषातून केलेल्या काही गुन्ह्यांची शिक्षा वाढविणारा कायदा केला. स्टीफनचे मारेकरी मात्र मोकळेच होते. त्यांतील दोघांना शिक्षा झाली ती २०१२ च्या जानेवारीत, तीही कपड्यावरील रक्ताच्या एका सूक्ष्म ठिपक्यामुळे आणि काही धाग्यांमुळे. शिक्षेची तीव्रता नव्हे तर तिची खात्री गुन्ह्याला आवरते, हे इटलीतील बेक्कारिया याने १७६४ मध्येच लिहून ठेवले होते. (त्याचा ग्रंथ आमच्याच ख्रिस्तसभेने दोन वर्षांत निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकला, हेही सांगितले पाहिजे.)

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्यांविषयीचा आपला प्रसिद्ध निकाल दिला. मूळ अर्ज गोरक्षणाच्या नावाखाली होणाऱ्या हिंसेविषयी होता, पण निकाल सर्वच जमावांना लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमावा, खटले रोज चालवून शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत, दोषींना सामान्यतः कायद्यातील कमाल शिक्षाच द्यावी आणि संसदेने वेगळा कायदा करावा, असे त्यात सांगितले. यातील शेवटच्या दोन गोष्टींची वर्तमानपत्रांतून फार चर्चा झाली. पहिल्या दोन गोष्टींची तेवढी झाली नाही, आणि आमच्या मते फरक पडणार असेल तर तो तेथेच पडेल. पावणेदोन वर्षे उलटतात न उलटतात तोच, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक अशाच अफवेने, पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले.

धर्मगुरू म्हणून आमच्यापुढे आणखी एक अडचण आहे. राईनपाड्याच्या पुढच्याच महिन्यात, २ ऑगस्ट २०१८ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील देहदंडाविषयीचा परिच्छेद बदलला. देहदंड कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य नाही, अशी आता ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणून त्या तरुणाच्या 'थेट फाशी'ला आम्ही मान डोलवू शकत नाही. पण याचा अर्थ मंगळवेढ्याच्या विधवांना क्षमेचे प्रवचन द्यावे असा नव्हे. ग्लॅडिस स्टेन्स यांनी पतीच्या आणि मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केली, ते त्यांचे आत्मबळ होते. त्यांच्या क्षमेमुळे सरकारने खटला गुंडाळला नाही, आणि तेच योग्य झाले. क्षमा करणे पीडिताच्या हाती, न्याय करणे राज्याच्या हाती. एकाने दुसऱ्याचे काम उरकून टाकू नये.

राईनपाड्याच्याच दिवशी, रात्री मालेगावात जे घडले ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. परभणीकडचे एक कुटुंब, त्यात दोन वर्षांचे मूल, मुले पळविणारे म्हणून जमावाच्या तावडीत सापडले. तीच अफवा, तेच भ्रमणध्वनी. पण तेथे मोहल्ल्यातील काही माणसांनी त्यांना घरात घेतले आणि दार लावले. पोलीस आले, त्यांनी मार सोसला, त्यांच्या वाहनाची मोडतोड झाली, आणि ते कुटुंब जिवंत राहिले. त्या वेळी दंड संहिता दोन्हीकडे तीच होती. आमच्या धर्मग्रामातील त्या तरुणाला आम्ही हेच पुरते सांगावयास हवे होते.

मध्यंतरी एरंडोलच्या बसस्थानकावर आम्ही धुळ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक वृद्ध गोसावी येऊन टेकला. गळ्यात माळ, कडेला झोळी, झोळीत फडक्यात गुंडाळलेला डौर. बोलता बोलता त्याने आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आधार कार्डाची प्रत, जातीचा दाखला, आणि पोलीस ठाण्याच्या शिक्क्याचे दोन कागद.

"आधी ठाण्यात नाव लिवून येतो सायेब, मग गावात शिरतो."

"तुमचे आजोबाही असेच करीत?"

"न्हाई. त्यांच्या येळंला नुसता डौर वाजला की बाया सुपात पीठ घिऊन भाईर येयाच्या."

धरणगावची गाडी लागली. त्याने कागद एकेक घडी करून पिशवीत घातले, पिशवी खिशात ठेवली, खिसा वरून दोनदा चाचपून पाहिला, आणि तो गाडीकडे गेला.